विश्लेषण : पाचगणीत पियानो शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचे ५० वर्षांपूर्वीचे अल्बम आज पुन्हा नव्याने का निघत आहेत?

ब्रिटनमधील ‘क्वीन’ या रॉक बँडचा पहिला अल्बम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच अल्बम सहा सीडी, एक एलपी आणि १०८ पानांचे पुस्तक अशा पेटीतून पुन्हा बाजारात आला. या वेळी गाणी नुसती स्वच्छ केलेली नव्हती. ड्रमचा आवाज बदलला होता, वगळलेले एक गाणे परत आले होते आणि अल्बमचे नावही बदलले होते. हे सारे ऐकून पसंती द्यायला बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी मात्र हयात नव्हता. त्याचे निधन १९९१ मध्ये झाले. पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेल्या या पारशी मुलाचा प्रवास कसा झाला, त्याच्या मृत्यूनंतरही त्याची गाणी वाढत आणि बदलत का राहिली आणि मृत कलाकाराच्या कामाला हात लावण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी...

फ्रेडी मर्क्युरीचा कोकण किनाऱ्याशी काय संबंध?

अरबी समुद्रातून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला रायगडचा किनारा येतो. अलिबाग, थळ आणि समोरच्या बेटावरचे खांदेरीचे दीपगृह मागे टाकून जहाज मुंबईकडे वळते. १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतून येणारी प्रवासी जहाजे मुंबईला लागत. या किनाऱ्याला आफ्रिका परकी नव्हती. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळ तिकडचे. कोकणी मुस्लिम कुटुंबे पोटापाण्यासाठी याच समुद्रातून पूर्व आफ्रिकेत गेली. गुजरातमधील पारशीही गेले.

अशाच एका पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर फारोख बलसारा याचा जन्म झाला. कुटुंब मूळचे बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आडनाव त्यावरूनच पडले. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. वडील बोमी तिथल्या उच्च न्यायालयात सरकारी रोखपाल होते. आई जेर आणि धाकटी बहीण कश्मिरा, असे चौकोनी कुटुंब. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आठव्या वर्षी त्याला जहाजाने भारतात पाठवण्यात आले. शाळा होती पाचगणीची. मुंबईत उतरायचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कर्जतवरून घाट चढून पुण्याला जाणारी रेल्वे धरायची आणि पुढे रस्त्याने पाचगणी गाठायची, असा त्या काळच्या प्रवाशांचा मार्ग. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते बरेच नंतर, १९८१ मध्ये.

पाचगणीत काय घडले?

सेंट पीटर्स ही ब्रिटिश वळणाची निवासी शाळा. घर समुद्रापार असल्याने प्रत्येक सुटीत आईवडिलांकडे जाणे शक्य नव्हते. अनेक सुट्या मुंबईतील नातेवाईकांकडे जात. फारोखचे फ्रेडी झाले ते याच शाळेत. वरच्या जबड्यात चार दात जास्त असल्याने पुढचे दात बाहेर दिसत आणि मुले त्यावरून चिडवत. पुढे पैसा आला तरी त्याने ते दात काढले नाहीत. मोठ्या जबड्यामुळे आवाज खुलतो, अशी त्याची समजूत असल्याचे सांगतात.

मुलाला संगीताचा कान आहे, हे शाळेच्या लक्षात आले. मुख्याध्यापकांनी पालकांना पत्र लिहून थोडी जादा फी भरून पियानो शिकवण्याचे सुचवले. पालकांनी होकार दिला. फ्रेडी पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाला. एकदा ऐकलेले गाणे लगेच वाजवून दाखवण्यात त्याचा हातखंडा होता.

१९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. त्यांतला एक पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, तर दुसरा नेपाळच्या लष्करात मोठ्या हुद्द्यावर पोहोचला. विशेष म्हणजे पुढे जगभर गायक म्हणून गाजलेला फ्रेडी इथे मुख्य गायक नव्हता. तो मागे बसून पियानो वाजवत असे.

झांझिबार सुटले कसे?

१९६३ च्या सुमारास फ्रेडी झांझिबारला परतला. डिसेंबर १९६३ मध्ये बेट स्वतंत्र झाले आणि महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, अनेकांचे प्राण गेले. बलसारा कुटुंब जेमतेम सामान घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात राहू लागले. सरकारी नोकरी, नोकरचाकर आणि समुद्रकिनारी घर मागे राहिले. १७ वर्षांच्या फ्रेडीने सुटीत पडेल ती कामे केली. विमानतळावर खानपान विभागातही तो राबला.

पुढे त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. हे शिक्षण वाया गेले नाही. ‘क्वीन’चे बोधचिन्ह त्यानेच काढले. चौघा सदस्यांच्या राशींवरून त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या आहेत, तर वर पंख पसरलेला फिनिक्स.

महाविद्यालयातील एका मित्रामुळे त्याची ‘स्माइल’ या बँडशी ओळख झाली. गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. दरम्यान फ्रेडी ‘आयबेक्स’, ‘रेकेज’ अशा लहान बँडमधून गात होता. रॉजरबरोबर त्याने केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळाही चालवला. १९७० मध्ये ‘स्माइल’चा गायक बाहेर पडला आणि फ्रेडी आत आला. बँडचे नाव ‘क्वीन’ ठेवावे, हा त्याचाच आग्रह. त्याच सुमारास त्याने स्वतःचे आडनावही बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

‘क्वीन’ हा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड होता का?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील काही बँडना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातील रचना, गाण्यात मध्येच बदलणारा ताल, आठ-दहा मिनिटांची किंवा तबकडीची अख्खी बाजू व्यापणारी गाणी आणि संपूर्ण अल्बमला एकच सूत्र, अशी ही नवी धाटणी. तिला प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव मिळाले. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल ही त्यातली ठळक नावे.

‘क्वीन’ने पुढे हार्ड रॉक, डिस्को, जाझ, फंक असे बरेच काही केले, त्यामुळे त्यांना एका खान्यात बसवता येत नाही. पण पहिले दोन अल्बम या धाटणीच्या अगदी जवळचे आहेत. मार्च १९७४ मध्ये निघालेल्या ‘क्वीन टू’ या अल्बमच्या दोन बाजूंना पांढरी आणि काळी अशी नावे आहेत. काळ्या बाजूची सर्व गाणी एकट्या फ्रेडीची. त्यातले एक गाणे लंडनच्या टेट संग्रहालयातील रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या पऱ्यांच्या चित्रावर बेतलेले आहे. दुसरे सहा मिनिटांहून मोठे आणि मध्येच मूड, लय आणि ताल बदलत जाणारे. आवाजावर आवाज, गिटारवर गिटार असे थर चढवण्याची ‘क्वीन’ची पद्धत इथे पक्की झाली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची बीजेही इथेच सापडतात.

पहिल्या अल्बमचे दुखणे काय होते?

बँडकडे पैसे नव्हते. ट्रायडंट या लंडनमधील नावाजलेल्या स्टुडिओशी करार झाला, पण पैसे मोजणारे मोठे कलाकार गेल्यावर उरणारा वेळ त्यांच्या वाट्याला येई. अनेकदा मध्यरात्रीनंतर काम सुरू होई. त्यातच ट्रायडंटचा ड्रमचा आवाज कोरडा, दबका असे. त्या काळी तो लोकप्रियही होता. रॉजर टेलर आणि ब्रायन मे यांना मात्र घुमणारे, मोकळे ड्रम हवे होते. नवख्या बँडचे कोण ऐकणार?

खरे तर आपल्याला हवा तसा आवाज त्यांना आधी एकदा मिळाला होता. १९७१ च्या अखेरीस डी लेन ली हा नवा स्टुडिओ सुरू होत होता. तिथली यंत्रे तपासण्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारे कोणीतरी हवे होते. ‘क्वीन’ने ते काम केले आणि बदल्यात पाच गाण्यांचे नमुना ध्वनिमुद्रण फुकटात मिळवले. त्या ध्वनिमुद्रणात जो जोर होता, तो प्रत्यक्ष अल्बममध्ये उतरला नाही, ही खंत पुढे कायम राहिली. ‘मॅड द स्वाइन’ हे फ्रेडीचे गाणे तर मिश्रणावर एकमत न झाल्याने अल्बममधून गळलेच. १९७२ मध्ये बरेचसे तयार असलेला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी निघाला, तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची टेप पारदर्शक का झाली?

१९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत या गाण्याचे काम सुरू झाले. गाण्याचा आराखडा फ्रेडीच्या डोक्यात होता. आधी शांत पियानो, मग ऑपेरा, मग कडक रॉक आणि शेवटी पुन्हा शांत. ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनीच दिवसाचे दहा-बारा तास गाऊन अख्ख्या गायकवृंदाचा भास निर्माण केला. हा भाग पुरा व्हायला सुमारे तीन आठवडे लागले.

तेव्हा संगणक नव्हता. ध्वनिमुद्रण दोन इंच रुंद चुंबकीय टेपवर होई आणि त्या टेपवर शेजारी शेजारी २४ आवाजच मावत. जागा संपली की अनेक आवाज एकत्र करून एका पट्टीवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत नवे भरायचे. हे इतक्या वेळा झाले की यंत्रावरून सतत फिरून टेपवरचा चुंबकीय लेप झिजला आणि टेप उजेडात धरली तर आरपार दिसू लागले, असे निर्माते रॉय थॉमस बेकर सांगत. गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे झाले. रेडिओवर एवढे मोठे गाणे कोणी लावणार नाही, असे जाणकारांचे मत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकाने दोन दिवसांत ते १४ वेळा वाजवले. पुढे नऊ आठवडे ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले.

ही हकिगत इथे महत्त्वाची आहे, कारण आजच्या सर्व महागड्या आवृत्त्यांचे भांडवल म्हणजे जपून ठेवलेल्या याच टेप.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक काय?

बालगंधर्वांची ७८ आरपीएमची जुनी तबकडी घेतली, तर गायन, ऑर्गन, सारंगी, तबला हे सारे एकाच वेळी एकाच खाचेत कोरलेले असते. त्यातली खरखर कमी करता येते, आवाज थोडा उजळ करता येतो. पण तबला वाढवून ऑर्गन कमी करणे जुन्या तंत्राने शक्य नव्हते. तयार ध्वनिमुद्रणाची अशी साफसफाई आणि झिलई म्हणजे रीमास्टर.

१९७० च्या दशकातील रॉक अल्बमची गोष्ट निराळी. प्रत्येक वाद्य आणि आवाज बहुपट्टी टेपवर सुटा ठेवलेला असतो. ही टेप डिजिटल केली की पुन्हा सुरुवातीपासून जुळणी करता येते. गिटार पुढे आणायची, ड्रमला घुमारा द्यायचा, गायकाचा श्वास ऐकू येऊ द्यायचा. हे झाले रीमिक्स. स्वयंपाकाच्या भाषेत, रीमास्टर म्हणजे तयार आमटी गरम करून वरून कोथिंबीर घालणे आणि रीमिक्स म्हणजे त्याच डाळ-मसाल्यातून आमटी नव्याने करणे.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अल्बममध्ये आवाजांचे थर इतके असतात, की नव्या मिश्रणात पूर्वी दबलेले बरेच काही वर येते. म्हणूनच या प्रकारात डिलक्स आवृत्त्यांची मोठी परंपरा तयार झाली. ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन याने २००९ पासून किंग क्रिमझन, येस, जेथ्रो टल आदींच्या अल्बमचे रीमिक्स केले. पिंक फ्लॉइडने २०११ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची मोठी पेटी काढली.

‘क्वीन’ने कोणत्या आवृत्त्या काढल्या?

१९९१ मध्ये अमेरिकेत जुने अल्बम सीडीवर आले, तेव्हा सोबत काही गाण्यांची तेव्हाच्या फॅशनची रीमिक्सही जोडली होती. ती आज फारशी कोणी ऐकत नाही. २००० मध्ये फ्रेडीच्या एकट्याच्या कामाचा मोठा संच आला. त्यात ‘आयबेक्स’ आणि ‘रेकेज’ यांची १९६९ मधील अस्पष्ट ध्वनिमुद्रणेही आहेत. २०११ मध्ये बँडला ४० वर्षे झाली म्हणून सर्व अल्बम रीमास्टर होऊन जोडसीडीत निघाले. २०१७ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या पेटीत त्याच गाण्यांचे न वापरलेले टेक देण्यात आले.

२०२४ ची ‘क्वीन वन’ ही पेटी त्याही पुढे गेली. त्यात ६३ ध्वनिमुद्रणे असून ४३ मिश्रणे नवी आहेत. ड्रम मोकळे झाले. ‘मॅड द स्वाइन’ मूळ ठरलेल्या चौथ्या जागी आले. डी लेन लीची गाणी, स्टुडिओतील चुका आणि गप्पा, बीबीसीवरची सत्रे आणि प्रत्यक्ष कार्यक्रम, सारे एकत्र आले. ‘क्वीन’ हे नाव ‘क्वीन वन’ झाले. बँडला हवा होता तो अल्बम आता ऐकायला मिळतो, अशी ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांची भूमिका आहे.

मृत्यूनंतर फ्रेडीची नवी गाणी कशी आली?

१९८० च्या दशकात ‘क्वीन’ लोकप्रियतेच्या शिखरावर होता. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात फ्रेडीने सुमारे २० मिनिटांत मैदान ताब्यात घेतले, त्याचे चित्रीकरण आजही पाहिले जाते. १९८८ मध्ये त्याने स्पॅनिश ऑपेरागायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला. दरम्यान, १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले होते. त्या काळी या आजारावर परिणामकारक औषधे नव्हती आणि समाजात भीती मोठी होती. जवळचे मोजके लोक सोडून त्याने हे कोणाला कळू दिले नाही.

अंगात ताकद आहे तोवर गाऊन ठेवायचे, असे त्याने ठरवले. स्वित्झर्लंडमधील माँत्र्यू येथील स्टुडिओत तो शेवटच्या काही महिन्यांत येई आणि जमेल तेवढे गाई. उरलेले तुम्ही नंतर पूर्ण करा, असे त्याने सहकाऱ्यांना सांगून ठेवले होते. एका गाण्याचा शेवटचा अंतरा त्याच्याकडून राहून गेला, तो पुढे ब्रायन मे यांनी गायला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने एड्स झाल्याचे निवेदन दिले. दुसऱ्या दिवशी ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना केल्या आणि लंडनमध्ये त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले.

१९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ निघाला. त्यात शेवटच्या दिवसांतील गाणी होती, तशीच फ्रेडीच्या १९८५ च्या एकल अल्बममधील दोन गाणीही होती. त्याचा आवाज तोच ठेवून मागचे संगीत तिघांनी नव्याने वाजवले होते. २०१२ मध्ये ‘बार्सिलोना’तील सिंथेसायझर काढून तिथे खरा वाद्यवृंद आला. २०२२ मध्ये ‘द मिरॅकल’च्या पेटीतून १९८८ च्या सुमाराचे ‘फेस इट अलोन’ हे गाणे बाहेर आले. ते पूर्ण करता येण्याजोगे नाही, असे बँडला अनेक वर्षे वाटत होते.

मग आक्षेप कशाला?

पहिला आक्षेप पैशांचा. एकच अल्बम चाहत्यांना एलपी, कॅसेट, सीडी, रीमास्टर आणि आता पेटी असा पाच-पाच वेळा विकला जातो. जुन्या गाण्यांचे हक्क ही आता मोठी मालमत्ता आहे. ‘क्वीन’च्या गाण्यांचे हक्क सुमारे १०० कोटी पौंडांना सोनी म्युझिककडे जात असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या होत्या. त्याआधी २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात फ्रेडीच्या घरातील वस्तूंना सुमारे ४ कोटी पौंड आले. त्यात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची हस्तलिखित पानेही होती. गाण्याचे आधी वेगळेच नाव लिहून खोडलेले त्यांत दिसते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. कोरड्या ड्रमचा १९७३ चा अल्बम हाही एक इतिहास आहे. लोकांनी ५० वर्षे तोच ऐकला. बनवणाऱ्यांना तो आवडत नव्हता म्हणून तो बदलावा का? आणि बनवणारे चौघे होते. जॉन डीकन १९९० च्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झाले. फ्रेडी नाही. निर्णय घेणारे उरले दोघे.

यावरचे उत्तर प्रत्येक वेळी सारखे नाही. ‘मेड इन हेवन’साठी फ्रेडीने स्वतः गाऊन ठेवले होते, म्हणजे तिथे त्याची संमती स्पष्ट होती. ‘मॅड द स्वाइन’ हे त्याचेच गाणे, ते अल्बममध्ये घेण्याचे आधी ठरलेही होते. पण कच्चे म्हणून बाजूला ठेवलेले टेक, मध्येच थांबलेल्या ओळी, चुकल्यावरचे हसणे हे लोकांनी ऐकावे, असे त्याला वाटले असते का, हे ठरवायला आता कोणी नाही. हा माणूस रंगमंचावर पूर्ण तयारीनिशी येणारा आणि खासगी आयुष्य कडेकोट जपणारा होता, हे विसरून चालत नाही. जुन्या अल्बमचे मूळ मिश्रणही बाजारात उपलब्ध ठेवणे आणि काय बदलले ते पुस्तकात स्पष्ट लिहिणे, एवढी किमान अपेक्षा चाहते आणि अभ्यासक करतात.

फोनवर ऐकताना फरक कळतो का?

कळतो, पण स्पीकरवर नाही. त्यासाठी साधे का होईना, दोन्ही कानांचे इअरफोन हवेत. पेटी विकत घेण्याची गरज नाही. बहुतेक ध्वनिमुद्रणे स्ट्रीमिंग अ‍ॅपवर आहेत. तिथे वर्ष आणि मिश्रणाची नोंद नीट पाहावी, कारण एकाच गाण्याच्या तीन-चार आवृत्त्या दिसतात. पहिल्या अल्बममधील एखादे गाणे आधी २०११ च्या रीमास्टरमध्ये आणि लगेच २०२४ च्या मिश्रणात ऐकावे. आधी फक्त ड्रमकडे लक्ष द्यावे, मग फ्रेडीच्या आवाजामागच्या आवाजांकडे. त्यानंतर डी लेन लीचे ध्वनिमुद्रण ऐकले, की बँडला नेमके काय हवे होते ते समजते.

या पेट्यांत काय नाही?

फ्रेडीने मुलाखतींत भारत आणि झांझिबार यांविषयी फार कमी सांगितले. आशियाई चेहऱ्यांकडे उपरेपणाने पाहणाऱ्या त्या काळच्या ब्रिटनमध्ये त्याने नाव बदलले आणि बालपण मागे ठेवले. त्याच्या पारशी मुळांची चर्चा झाली ती मुख्यतः त्याच्या मृत्यूनंतर. २०१६ मध्ये फेल्टमच्या घरावर स्मृतिफलक लागला, २०१९ मध्ये झांझिबारमध्ये संग्रहालय उघडले.

लंडनच्या स्टुडिओत १९७२ मध्ये फसलेला टेकही आज दुरुस्त करून ऐकता येतो. त्याच्या एकल संचातील सर्वांत जुना आवाज १९६९ चा आहे, म्हणजे पाचगणी सोडून सहा वर्षे लोटल्यानंतरचा. शाळेच्या सभागृहात मागे बसून पियानो वाजवणाऱ्या मुलाचा एकही सूर या पेट्यांत नाही. टेपवर उतरलेले तेवढेच पुन्हा काढता येते. पाचगणीची ती आठ वर्षे त्याच्या शाळासोबत्यांच्या आठवणींतच राहिली आहेत.